विमा सगळ्यांना, दर कुणाच्या हाती?

१ ऑक्टोबर २०२५ रोजी, खर्चाला संसदेची मंजुरी न मिळाल्याने, अमेरिकेचं केंद्र सरकार बंद पडलं आणि पुन्हा सुरू व्हायला ४३ दिवस लागले. इतका लांबलेला बंद तोवर त्या देशाने पाहिला नव्हता. भांडणाच्या मुळाशी आरोग्यविम्याचे हप्ते होते. कोविडच्या काळात, २०२१ साली, वाढवलेलं अनुदान वर्षअखेरीस संपणार होतं. ते चालू ठेवा, असं डेमोक्रॅटिक पक्ष म्हणत होता. तो पैसा विमा कंपन्यांच्या घशात जातो, त्यापेक्षा थेट लोकांच्या हातात द्या, असं अध्यक्ष ट्रम्प म्हणत होते. हा बंद सुरू होण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, २२ सप्टेंबरला, भारतात वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला. दोन्ही देशांत बोललं गेलं ते एकाच गोष्टीबद्दल: हप्ता कुणी भरायचा आणि त्यातला किती सरकारने उचलायचा. हप्ता मुळात एवढा मोठा का झाला, ज्या उपचारांसाठी तो भरायचा त्यांचे दर कोण ठरवतं, हे प्रश्न कोपऱ्यात पडून राहिले. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. उपचाराचं बिल कुणाच्या नावावर पडेल हे विमा ठरवतो. बिल किती होईल हे तो आपोआप ठरवत नाही. दर ठरवण्याची ताकद हातात न घेता जे सरकार विम्याची व्याप्ती वाढवत जातं, ते लोकांना संरक्षण देता देता दरवाढीलाही पैसा पुरवतं. वाढलेला खर्च काही वर्षांत हप्त्यात उतरतो, मग हप्त्याला अनुदान लागतं, मग अनुदानावरून भांडण जुंपतं. ‘आधी सगळ्यांना विमा देऊ, दरांचं नंतर बघू’ हा क्रमच चुकीचा आहे. व्याप्ती वाढवण्याचा क्षण हाच दरांवर अटी घालण्याचाही क्षण असतो, आणि तो एकदा हातचा गेला की परत यायला दशकं लागतात.

याचा अर्थ विम्याची व्याप्ती बिनमहत्त्वाची, असा कुणी काढू नये. ती वाढवा म्हणणाऱ्यांच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २००८ साली मेडिकेड या गरिबांसाठीच्या योजनेतल्या मोजक्या जागा सोडत काढून भरल्या. त्यामुळे चिठ्ठी निघालेले आणि न निघालेले अशा दोन गटांची तुलना करण्याची दुर्मीळ संधी अभ्यासकांना मिळाली. विमा मिळालेल्यांत आजारपणापायी कंबरडं मोडणारा खर्च जवळपास नाहीसा झाला, कर्ज कमी झालं, नैराश्याचं प्रमाणही स्पष्टपणे घटलं. पहिल्या दोन वर्षांत रक्तदाब किंवा साखर यांत ठोस फरक दिसला नाही, म्हणून विरोधकांनी त्या अभ्यासाचा झेंडा केला. पण घर विकावं लागणार नाही ही खात्री ही काय किरकोळ गोष्ट आहे? ज्याच्या घरात आज कॅन्सरचा पेशंट आहे त्याला ‘दर खाली येईपर्यंत थांबा’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? भारतातही सरकारी हिशेबानुसार आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधल्या ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोलाची आहे. व्याप्ती हवीच. माझा आक्षेप ती कोणत्या अटींवर दिली जाते याला आहे.

अटींचं महत्त्व कळण्यासाठी हा विमा आला कुठून ते पाहायला हवं. अमेरिकेतल्या खासगी रुग्णालयीन विम्याची सुरुवात सहसा डॅलसमधल्या बेलर रुग्णालयापासून सांगतात. १९२९ साली त्या रुग्णालयाची बिलं थकली होती. जस्टिन किंबल या प्रशासकाने शहरातल्या शिक्षकांसाठी योजना काढली: महिन्याला ५० सेंट भरा आणि २१ दिवसांपर्यंतच्या रुग्णालयवासाची काळजी सोडा. पुढे ‘ब्लू क्रॉस’ नावाने देशभर पसरलेल्या व्यवस्थेचं हे बीज. योजना चांगलीच होती आणि शिक्षकांचा तिच्यात फायदाही होता. पण ती रुग्णालयाने रुग्णालयाची आवक स्थिर करण्यासाठी काढली होती. उपचार स्वस्त करणं हे तिचं कामच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर बंधनं आली तेव्हा कामगार टिकवायला कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या, १९५४ च्या करकायद्याने त्यावरची करसवलत पक्की केली, आणि बिल भरणारा व उपचार घेणारा यांच्यातलं अंतर कायमचं वाढलं.

मग आलं १९६५. या वर्षाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आजचा सगळा वाद त्याच्या पोटात आहे. वृद्धांसाठी मेडिकेअर योजना आणणाऱ्या लिंडन जॉन्सन सरकारसमोर डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध होता. हा विरोध बोथट करण्यासाठी सरकारने दरांच्या बाबतीत हात टेकले. रुग्णालयांना त्यांचा प्रत्यक्ष खर्च, वर दोन टक्के. डॉक्टरांना त्यांची ‘नेहमीची आणि प्रचलित’ फी. वैद्यकीय व्यवसायाच्या कामकाजात केंद्र सरकार ढवळाढवळ करणार नाही, असं वचन कायद्याच्या सुरुवातीलाच घातलं गेलं. ज्याला खर्च दाखवेल तेवढे पैसे मिळतात तो खर्च कशाला कमी करील? योजनेचा खर्च अंदाजापेक्षा झपाट्याने वाढला. आजाराच्या प्रकारानुसार ठरावीक रक्कम देण्याची पद्धत आली ती थेट १९८३ साली, रेगन यांच्या काळात. ती आल्यावर रुग्णालयातला मुक्काम खरोखरच आखूड झाला, पण तोवर अठरा वर्षं गेली होती. वरातीमागून घोडं.

पण याच योजनेने, त्याच सुमारास, आणखी एक गोष्ट करून दाखवली. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या असंख्य रुग्णालयांत काळ्या आणि गोऱ्या रुग्णांचे वॉर्ड वेगळे होते. कित्येक ठिकाणी काळ्या माणसाला दारातही उभं केलं जात नसे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने असा भेदभाव करणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा देणं बंद केलं होतं. मेडिकेअरचे पैसे १ जुलै १९६६ पासून मिळणार होते. सरकारने रुग्णालयांना सांगितलं: वॉर्ड एकत्र करा, नाहीतर एक डॉलरही मिळणार नाही. तपासायला माणसं पाठवली. आणि पिढ्यान्‌पिढ्या न हललेली भिंत हजारो रुग्णालयांनी काही महिन्यांत पाडली. माझ्या मते आरोग्यविम्याच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे, आणि खर्चाच्या चर्चेत तो क्वचितच ऐकू येतो. एकच योजना, एकच खरेदीदार. वर्णभेदाच्या बाबतीत त्याने अट घातली आणि व्यवस्था बदलली. दराच्या बाबतीत अट सोडून दिली आणि व्यवस्थेने त्याला लुटलं. ताकद दोन्हीकडे सारखीच होती. मग ती एका बाबतीत वापरायची आणि दुसऱ्या बाबतीत नाही, हा राजकीय निर्णय नव्हता तर काय होता?

विमा कंपन्या घासाघीस करून दर खाली आणतीलच, असा एक भाबडा विश्वास असतो. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्याने कंपन्यांना हप्त्याच्या रकमेपैकी किमान ८० टक्के, मोठ्या गटविम्यात ८५ टक्के, उपचारांवरच खर्च करायला लावलं. हेतू प्रामाणिक होता. पण उरलेल्या २० किंवा १५ टक्क्यांतच प्रशासन आणि नफा बसवायचा म्हटल्यावर तो वाटा वाढवण्याचा सरळ मार्ग कोणता? एकूण रक्कमच मोठी होणं. वाढलेला दर पुढच्या वर्षीच्या हप्त्यात घालता येत असेल तर कंपनीला तो रोखण्याची निकड किती राहील?

भारतात हेच फार जवळून पाहता येतं. खासगी रुग्णालयाच्या भरतीच्या खिडकीवर पहिले प्रश्न बहुधा ठरलेले असतात: मेडिक्लेम आहे का? किती लाखांचा? मग खोली निवडा: जनरल, ट्विन शेअरिंग, डीलक्स. खोलीनुसार नुसतं भाडं बदललं तर कुणाची तक्रार नसती. अनेक ठिकाणी सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचं शुल्क आणि डॉक्टरांच्या फेरीचे पैसेही खोलीच्या वर्गानुसार बदलतात. सर्जन तोच, टेबल तेच, टाके तेवढेच. पुन्हा पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा वरची खोली घेतलेली असेल, तर अनेक पॉलिसींत नुसतं जादा भाडं कापून भागत नाही, सर्जनच्या फीसकट बाकीचे आकारही त्याच प्रमाणात कापले जातात आणि डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक एटीएम शोधत फिरतात. ज्या वस्तूचा दर ग्राहकाच्या पाकिटाची जाडी विचारून ठरतो, तिच्यासाठी पाकीट आणखी जाड करून देणं हे धोरण कसं असू शकतं? आणि पैशापेक्षा भयंकर किंमतही मोजली गेली आहे. गरिबांसाठीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला अवघं ३०,००० रुपयांचं संरक्षण होतं; तेवढ्यासाठीही बिहार आणि छत्तीसगडमध्ये गरज नसताना बायकांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं उघडकीला आली. कार्ड होतं, संरक्षण होतं. उपचार योग्य आहे का, हे पाहणारं कुणी नव्हतं.

इथे बाजारवादी मंडळींचा प्रतिवाद येतो, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. त्यांचं म्हणणं, रोग विमाच आहे. माणसाला स्वतःच्या खिशातून पैसे मोजायला लावा, तो आपसूक चौकस होईल. त्यांच्याकडे ‘रँड’ या संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात केलेल्या मोठ्या प्रयोगाचा आधार आहे. ज्यांना बिलाचा मोठा हिस्सा स्वतः भरावा लागला त्यांचा उपचारांवरचा खर्च, सगळं मोफत मिळणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरला, आणि बहुतेकांची तब्येत त्यामुळे बिघडली नाही. हे खरं आहे आणि ते मान्य करायलाच हवं. पण त्याच प्रयोगाने आणखी दोन गोष्टी दाखवल्या. लोकांनी अनावश्यक उपचार जेवढे टाळले, साधारण तेवढेच आवश्यकही टाळले. आणि जे गरीब होते, आधीच आजारी होते, त्यांचा रक्तदाब मोफत उपचार मिळणाऱ्यांच्या तुलनेत आटोक्यात राहिला नाही. अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ सालीच मांडलं होतं की वैद्यकीय सेवेत घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला कितीतरी जास्त माहिती असते, म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा वागत नाही. छातीत कळ आलेला माणूस तीन रुग्णालयांची कोटेशनं मागवत नाही. शिवाय अमेरिकेचा रोग जास्त उपचार घेणं हा नाहीच. जेरार्ड अँडरसन, उवे राइनहार्ट या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली इतर श्रीमंत देशांशी तुलना करून दाखवलं की अमेरिकन माणूस डॉक्टरकडे कमी वेळा जातो, रुग्णालयात कमी दिवस राहतो, तरी खर्च सर्वांत जास्त करतो. फरक मुख्यतः दरांचा आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर घालवणाऱ्या देशाला ‘तुम्ही जरा जपून वापरा’ हा सल्ला कसा पुरेल?

इन्सुलिनचं उदाहरण घ्या. २०२२ च्या कायद्याने मेडिकेअरच्या रुग्णाला महिन्याच्या इन्सुलिनसाठी ३५ डॉलरपेक्षा जास्त पडू नयेत, अशी सोय केली. वृद्धांना मोठा दिलासा मिळाला. पण ती रुग्णाच्या वाट्यावरची मर्यादा होती, इन्सुलिनच्या किमतीवरची नव्हे. छापील किमती उतरण्यामागे वेगळाच नियम होता. वर्षानुवर्षं दर चढवत नेलेल्या कंपन्यांनी मेडिकेडला द्यायच्या सवलतीवरची कमाल मर्यादा जानेवारी २०२४ पासून उठणार होती, म्हणजे काही औषधांवर त्यांना किमतीपेक्षाही जास्त रक्कम सरकारला द्यावी लागली असती. मार्च २०२३ मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपल्या काही प्रमुख इन्सुलिनांच्या किमती ७० टक्के वा त्याहून जास्त उतरवल्याचं जाहीर केलं. औषध तेच होतं. फक्त खरेदीदाराने डोळे वटारले होते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: दर बांधले की दर्जा घसरतो, नवं तंत्र येत नाही, पुरवठादार पाठ फिरवतात. भारताने फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या औषधवेष्टित स्टेंटची (वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीची) कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी एका स्टेंटमागे लाखाच्या वर आकारणी सर्रास होत होती. तेव्हा हीच भीती घातली गेली. काही परदेशी कंपन्यांनी आपले महागडे स्टेंट मागे घेण्याची परवानगीही मागितली. अँजिओप्लास्टी बंद पडल्या नाहीत. मात्र टीकाकारांचा एक मुद्दा बिनतोड होता: एका वस्तूचा दर दाबला की पैसा दुसऱ्या ओळीत सरकतो. स्टेंट उतरतो, पण बिलात बलून, कॅथेटर, प्रोसिजर यांचे आकडे चढू शकतात. त्यामुळे एकेका वस्तूला वेसण घालण्याऐवजी संपूर्ण उपचाराचा दर ठरवावा लागतो, आणि तो सगळ्या पैसे देणाऱ्यांना एकच ठेवावा लागतो.

हे अशक्य वाटत असेल तर जपानकडे पाहा. १९६१ पासून तिथे सर्वांना विमा आहे, बहुसंख्य रुग्णालयं खासगी आहेत, आणि तरी प्रत्येक तपासणीचा, प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर देशभर एकच. दर दोन वर्षांनी पैसे देणारे, सेवा देणारे आणि लोकांचे प्रतिनिधी एका टेबलावर बसून तो तपासतात. दर बांधल्याने यंत्रं पळून गेली का? लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वाधिक एमआरआय यंत्रं जपानमध्येच आहेत. खुद्द अमेरिकेत मेरीलँड राज्यात सत्तरच्या दशकापासून एक स्वतंत्र आयोग रुग्णालयांचे दर ठरवतो. सरकारी योजनेतला रुग्ण असो, कंपनीच्या विम्यातला असो की बिनविम्याचा, रुग्णालयाला एकाच दराने बिल करावं लागतं. पाकिटाची जाडी विचारण्याचं कारणच तिथे उरत नाही.

भारताच्या आयुष्मान योजनेत, २०१८ पासून, उपचारांचे पॅकेज दर ठरलेले आहेत आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. पण हे दर फक्त त्या योजनेपुरते आहेत. शेजारच्या खाटेवर विम्याचा किंवा रोखीचा रुग्ण असेल तर रुग्णालय त्याला हवा तो दर लावू शकतं. साहजिकच रुग्णालय निवड करतं: योजनेचा रुग्ण आला की ‘बेड शिल्लक नाही’. सारखा दर नसेल तर गरिबाचं कार्ड कायम दुय्यम राहणार. दुसरं म्हणजे ही योजना भरती झालेल्यांसाठी आहे. मधुमेहाच्या गोळ्या, दर महिन्याच्या तपासण्या, डॉक्टरची फी, म्हणजे ज्यात सामान्य घराचा पैसा वर्षभर झिरपत राहतो, ते सगळं बाहेर. थायलंडने २००२ साली उलट बाजूने सुरुवात केली. आधी तालुक्यांतली सरकारी रुग्णालयं आणि तिथले डॉक्टर उभे केले, मग माणशी ठरावीक रक्कम त्यांना देऊन एका भेटीला ३० बाथ एवढ्यावर सगळं आणलं. आणि औषधं महाग पडू लागली तेव्हा २००६-०७ मध्ये एड्स आणि हृदयविकारावरच्या पेटंट औषधांसाठी सक्तीचे परवाने, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना स्वस्त पर्याय बनवण्याची वा आणण्याची मुभा, काढले. अमेरिकेच्या तुलनेत कितीतरी गरीब असलेल्या देशाला हे जमलं, कारण विमा देतानाच त्याने खरेदीदाराची खुर्ची सोडली नाही.

मग सरकारं दरांना हात का लावत नाहीत? कारण आरोग्यावर खर्च होणारा प्रत्येक रुपया कुणाची तरी कमाई असते. दर उतरवला की फायदा कोट्यवधींत थोडाथोडा वाटला जातो, तोटा मात्र मोजक्या आणि संघटित लोकांना होतो, आणि ते गप्प बसत नाहीत. विम्याचं कार्ड वाटता येतं, त्यावर फोटो छापता येतो. दरपत्रकाचं उद्घाटन करता येत नाही. तरीही निकड भासली की हेच सरकार काय करू शकतं, ते महाराष्ट्राने मे २०२० मध्ये पाहिलं: खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा ताब्यात आणि साध्या वॉर्डाचा दिवसाचा दर ४,००० रुपये, व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाचा ९,०००. अंमलबजावणीत त्रुटी होत्या, जादा बिलांच्या तक्रारी झाल्या. पण ‘दर ठरवणं घटनाबाह्य आहे, अशक्य आहे’ ही सबब त्या आदेशानंतर उरत नाही.

डॉक्टरांची भीती मात्र मला खरी वाटते, आणि तिला उत्तर देणं दर बांधा म्हणणाऱ्यांचं काम आहे. सरकार परवडणार नाही असा दर ठरवेल आणि वर पैसेही थकवेल, हा त्यांचा अनुभव आहे. छोटी रुग्णालयं योजनांतून बाहेर पडतात ती यामुळेच. जर्मनीत १८८३ मध्ये बिस्मार्कने आजारविमा आणला, तेव्हा तो विमा चालवणारे विमानिधी डॉक्टरांना एकेकटं गाठून दर पाडत होते. डॉक्टरांनी १९०० मध्ये लाइपझिगला संघटना उभारली, संप केले, आणि १९३१ पर्यंत सामूहिक वाटाघाटीचा कायदेशीर हक्क मिळवला. आजही तिथे डॉक्टरांच्या संघटना आणि विमानिधी समोरासमोर बसून दर ठरवतात. भारतातल्या डॉक्टर संघटनांनी दरनियंत्रणाला सरसकट नकार देण्याऐवजी हे मागावं: आमच्या प्रतिनिधींसह स्वतंत्र दर-आयोग, प्रत्यक्ष खर्चाचा उघड हिशेब, दर दोन वर्षांनी फेरआढावा, आणि बिल ठरलेल्या मुदतीत चुकतं झालं नाही तर सरकारवर व्याज. आणि पुढच्या वेळी कुठलंही सरकार विम्याची मर्यादा वाढवल्याची घोषणा करेल, तेव्हा पत्रकारांनी त्याच परिषदेत विचारावं, वाढीव पैशाच्या बदल्यात रुग्णालयांकडून कोणती अट लिहून घेतली.